डेटाबेस एक्स्पोर्ट करताना कधीमधीच येणारा 'आउट ऑफ मेमरी' एरर: मेमरी नक्की कोणाची संपली?

सोमवार ते गुरुवार रात्रीचा डंप व्यवस्थित होतो. शुक्रवारी तो 'आउट ऑफ मेमरी' म्हणून मध्येच पडतो आणि शनिवारी काहीही न बदलता पुन्हा नीट चालतो. डेटाबेस सांभाळणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. मग कोणीतरी 'रॅम वाढवा' असं सुचवतं, सर्व्हर ८ जीबीवरून १६ जीबीवर जातो आणि काही आठवड्यांनी तोच एरर परत येतो.

एक्स्पोर्टच्या वाटेवर मेमरी मागणारे बरेच जण असतात. डेटाबेस सर्व्हरची प्रोसेस, डंप घेणारा प्रोग्रॅम, पायथन किंवा जावामधली तुमची स्क्रिप्ट, कंटेनरची मर्यादा आणि या सगळ्यांच्या वर लिनक्सचा कर्नल. प्रत्येकाची मर्यादा वेगळी आणि ती संपल्यावर येणारा संदेशही वेगळा. त्यामुळे रॅम वाढवण्याआधी मेमरी कोणाची संपली हे ठरवायला हवं. या लेखात मुख्य उदाहरण पोस्टग्रेसचं घेतलं आहे. मायएसक्यूएलमध्ये जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

एररची ओळ शेवटपर्यंत वाचा

बरेच जण 'मेमरी' हा शब्द दिसला की वाचणं थांबवतात. खरी माहिती त्याच्या पुढे असते.

संदेश 'आउट ऑफ मेमरी' असेल आणि खाली तपशिलात 'फेल्ड ऑन रिक्वेस्ट ऑफ साइज' असं लिहून एक आकडा असेल, तर सर्व्हरच्या प्रोसेसने ऑपरेटिंग सिस्टिमकडे मेमरी मागितली आणि तिने नाही म्हटलं. इथे रॅम, स्वॅप किंवा प्रोसेसवर घातलेली मर्यादा यांपैकी काहीतरी कमी पडलंय. आकडा छोटा असला, अगदी काही केबीचा, तरी गोंधळू नका. उंटाच्या पाठीवरची ती शेवटची काडी असते, बाकीचं ओझं आधीच चढलेलं असतं.

संदेश 'इनव्हॅलिड मेमरी अलोक रिक्वेस्ट साइज' असेल तर सर्व्हरमध्ये १२८ जीबी रॅम असली तरी उपयोग नाही. पोस्टग्रेस एका वेळी एका तुकड्यात साधारण १ जीबीपेक्षा जास्त मेमरी मागूच देत नाही. नेमकी मर्यादा १०७३७४१८२३ बाइट, म्हणजे १ जीबीला एक बाइट कमी. मागणी ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचण्याआधीच पोस्टग्रेस ती नाकारतो. याबद्दल पुढे सविस्तर बघू, कारण एक्स्पोर्टमधला सगळ्यात फसवा प्रकार हाच आहे.

'आउट ऑफ शेअर्ड मेमरी' असं असेल तर त्याचा मोकळ्या रॅमशी जवळजवळ काहीच संबंध नाही. हे लॉकचं कोष्टक भरल्याचं लक्षण आहे. पीजी-डंप सुरुवातीलाच प्रत्येक टेबलवर एक हलका लॉक घेतो. लॉकसाठी एकूण जागा साधारण 'मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन' गुणिले कनेक्शनची कमाल संख्या इतकी असते. मूळ सेटिंगनुसार ६४ गुणिले १००, म्हणजे ६४००. आता समजा तुमच्याकडे पाच टेबलं आहेत आणि प्रत्येकाचं रोजचं एक पार्टिशन, तीन वर्षांचं. झाली ५४७५ टेबलं. एरवी डंप निभावून जातो. पण त्याच वेळी एखादा रिपोर्ट चालू असेल आणि त्याने शेकडो पार्टिशनच्या इंडेक्सवर स्वतःचे लॉक घेतले असतील, तर मर्यादा ओलांडली जाऊ शकते. रिपोर्ट नसेल त्या रात्री डंप परत सुरळीत! उपाय सोपा आहे: हे सेटिंग २५६ वगैरे करा. फक्त त्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, रीलोडने भागत नाही.

चौथ्या प्रकारात 'मेमरी' हा शब्दच दिसत नाही. क्लायंटला फक्त 'सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली' एवढंच कळतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र प्रोसेस 'सिग्नल ९' ने मारली गेल्याची नोंद असते. हे काम कर्नलचं, म्हणजे लोक ज्याला ओओएम किलर म्हणतात त्याचं. खात्रीसाठी डी-मेसेज कमांडच्या आउटपुटमध्ये 'किल्ड प्रोसेस' शोधा. ही घटना हलक्यात घेऊ नका. एक प्रोसेस अशी मेली की पोस्टग्रेस शेअर्ड मेमरी खराब झाली असेल या शंकेने बाकीची सगळी कनेक्शन तोडतो आणि रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो. म्हणजे तुमच्या एका एक्स्पोर्टमुळे काउंटरवर बसलेल्या सगळ्यांचं काम थांबतं. प्रोसेस कंटेनरमध्ये असेल आणि १३७ हा एक्झिट कोड दिसला तर तोही बहुतेक वेळा हाच प्रकार: १२८ अधिक सिग्नल ९. कंटेनरला दिलेली मर्यादा २ जीबी असेल तर बाहेरच्या मशीनवर कितीही रॅम मोकळी असो, तिचा फायदा नाही.

एकच जड रेकॉर्ड

आता त्या १ जीबीच्या मर्यादेकडे येऊ. कॉलेजच्या प्रवेश अर्जांसोबत आलेल्या पीडीएफ, पतसंस्थेतली स्कॅन केलेली कागदपत्रं, दवाखान्यातले व्हिडिओ अशा गोष्टी अनेक जण टेबलमध्येच बाइटी प्रकारच्या कॉलममध्ये ठेवतात. फाइल आत जाताना अडचण येत नाही, अ‍ॅपमधून उघडतेही. एक्स्पोर्टच्या वेळीच गाडी अडते.

कारण असं. डंप साध्या मजकुराच्या रूपात निघतो आणि बाइटी कॉलम मजकुरात बदलताना पोस्टग्रेस ९.० पासून हेक्स पद्धत वापरतो. प्रत्येक बाइटसाठी दोन अक्षरं, त्यामुळे आकार दुप्पट. ६०० एमबीची फाइल मजकुरात १२०० एमबी होते आणि १ जीबीची मर्यादा मोडते. साधारण ५१२ एमबीच्या पुढचं कुठलंही बाइटी मूल्य या मार्गाने बाहेर येऊ शकत नाही.

एररमधला आकडाच गुन्हेगाराचा माप सांगतो. समजा आकडा १२५८२९१२०३ आहे. हेक्स रूपासाठी पोस्टग्रेस लांबीच्या दुप्पट अधिक ३ बाइट मागतो. तेव्हा ३ वजा करा, निम्मे करा: ६२९१४५६०० बाइट, म्हणजे बरोबर ६०० एमबी. आता त्या लांबीचं रेकॉर्ड शोधायचं. कॉलमवर ऑक्टेट-लेंग्थ फंक्शन लावा, मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावा आणि पहिली २० रेकॉर्ड बघा. बाइटीच्या बाबतीत हे फंक्शन आकार सांगण्यासाठी पूर्ण मूल्य उघडत नाही, त्यामुळे मोठ्या टेबलवरही चालवायला हरकत नाही.

मर्यादा नुसत्या एका कॉलमची नसते हेही लक्षात घ्या. पूर्ण रेकॉर्डचा मजकूर एका बफरमध्ये गोळा होतो आणि त्या बफरलाही तीच १ जीबीची कमाल आहे. ३०० एमबीचे दोन कॉलम एकेकटे बसतात, पण एकाच रेकॉर्डमध्ये आले की मिळून हेक्समध्ये १२०० एमबी होतात. तेव्हा संदेश थोडा वेगळा येतो: 'कॅनॉट एनलार्ज स्ट्रिंग बफर'.

कधीमधीच येणाऱ्या एररचं मूळ बरेचदा याच्याही खाली सापडतं. एक ३०० एमबीचं मूल्य घ्या. ते मर्यादेत आहे, त्यामुळे तत्त्वतः एक्स्पोर्ट व्हायलाच हवं. पण आत काय होतं बघा. मूळ मूल्य उघडायला ३०० एमबी, हेक्स रूपाला ६०० एमबी आणि रेकॉर्डचा बफर दुपटीदुपटीने वाढत जातो, त्यामुळे ५१२ एमबी पुरले नाहीत की तो थेट १ जीबी मागतो. एका रेकॉर्डसाठी जवळपास १.९ जीबीची मागणी! पीजी-डंप त्याच मशीनवर चालत असेल तर तो रेकॉर्ड हातात घेण्यासाठी आणखी वेगळी मेमरी घेतो. ८ जीबीच्या सर्व्हरवर रात्री शांतता असेल तर हे निघून जातं. त्याच वेळी दुसरं काही चाललं असेल तर नाही. डंप समांतर जॉब लावून घेत असाल आणि दोन जड टेबलं योगायोगाने एकाच वेळी आली, तर हाच हिशोब दोनदा.

उपाय काय? तातडीचा उपाय म्हणजे ते टेबल मुख्य डंपमधून डेटापुरतं वगळायचं (पीजी-डंपमध्ये 'एक्स्क्लूड टेबल डेटा' हा पर्याय आहे) आणि पीएसक्यूएलच्या कॉपी कमांडने बायनरी फॉरमॅटमध्ये वेगळं काढायचं. बायनरीत हेक्सची दुप्पट होत नाही. पण हे टेबल वेगळ्या फाइलमध्ये आहे हे रिस्टोअर करणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर नवीन संकट. आणखी एक गोष्ट: दोन्ही फाइल एकाच क्षणाच्या नसतील, त्यामुळे हा कायमचा मार्ग समजू नका.

कायमचा उपाय म्हणजे एवढ्या मोठ्या फाइल टेबलमध्ये न ठेवणं. फाइल डिस्कवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजवर, टेबलमध्ये फक्त तिचा पत्ता आणि चेकसम. ते शक्य नसेल तर फाइलचे काही एमबीचे तुकडे करून वेगवेगळ्या रेकॉर्डमध्ये ठेवा. पोस्टग्रेसचे लार्ज ऑब्जेक्ट हा तिसरा मार्ग आहे. पण त्यांची संख्या लाखो-कोटींत गेली की आवृत्ती १७ च्या आधीचा पीजी-डंप त्यांच्या नुसत्या यादीसाठीच भरपूर मेमरी खातो. मला विचाराल तर नवीन प्रकल्पात मी तो वापरणार नाही.

मायएसक्यूएलवाल्यांना याचा भाऊ वेगळ्या नावाने भेटतो: 'गॉट पॅकेट बिगर दॅन मॅक्स अलाउड पॅकेट'. मायएसक्यूएल-डंपची स्वतःची मूळ मर्यादा २४ एमबी असते आणि ती १ जीबीपर्यंत वाढवता येते. सर्व्हरची मर्यादा वाढवली आणि डंपची तशीच राहिली, असं बरेचदा होतं. दोन्हीकडे बघा.

मेमरी क्लायंटचीही संपते

सर्व्हरचा लॉग स्वच्छ आहे, डी-मेसेजमध्ये पोस्टग्रेसचं नाव नाही, तरी एक्स्पोर्ट पडतो. मग स्क्रिप्टकडे वळा. बहुतेक ड्रायव्हर डिफॉल्टने क्वेरीचा सगळा निकाल आधी क्लायंटच्या मेमरीत ओढून घेतात आणि मग तुम्हाला एकेक रेकॉर्ड देतात. कोडमध्ये लूप दिसतो म्हणून आपल्याला वाटतं की डेटा थेंबाथेंबाने येतोय. प्रत्यक्षात आख्खी टाकी आधीच भरून ठेवलेली असते.

पायथनमध्ये सायकोपीजी-२ वापरत असाल तर कर्सरला नाव द्या. नाव दिलं की तो सर्व्हरच्या बाजूचा कर्सर होतो आणि डिफॉल्टने २००० रेकॉर्डच्या तुकड्यांत डेटा आणतो. पांडाजमध्ये नुसतं 'चंकसाइज' देऊन भागत नाही. एसक्यूएल-अल्केमीच्या कनेक्शनवर 'स्ट्रीम रिझल्ट्स' चालू केलं नाही तर सगळा निकाल तरीही आधी क्लायंटकडे येतो. जावामध्ये फेच साइज ठरवाच, पण सोबत ऑटो-कमिट बंद असायला हवं, नाहीतर पोस्टग्रेसचा ड्रायव्हर फेच साइजकडे सरळ दुर्लक्ष करतो. पीएसक्यूएलमध्ये मोठ्या सिलेक्टचा निकाल फाइलमध्ये काढायचा तर 'फेच काउंट' हे व्हेरिएबल द्या, किंवा त्याहून बरं, कॉपी कमांडच वापरा.

मायएसक्यूएल-डंप 'क्विक' पर्यायामुळे एकेक रेकॉर्ड घेतो आणि हा पर्याय मुळातच चालू असतो. कोणीतरी इंटरनेटवरून उचललेल्या कमांडमध्ये 'स्किप ऑप्ट' असेल तर तो बंद होतो, आणि मग एरर २००८: क्लायंटची मेमरी संपली. 'क्विक' परत द्या, प्रश्न मिटतो.

शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी-मायअ‍ॅडमिनमधून एक्स्पोर्ट करणाऱ्यांना '१३४२१७७२८ बाइट एक्झॉस्टेड' असा संदेश दिसतो. हा आकडा म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची नेहमीची मर्यादा. डेटाबेसची काहीच चूक नाही. शेल मिळत असेल तर कमांड लाइनवरून डंप घ्या, नसेल तर टेबलं थोडी थोडी करून काढा.

रॅम मोकळी दिसते, तरीही नकार

हा प्रकार अनुभवी माणसांनाही चकवतो. फ्री कमांड सांगते ५ जीबी मोकळे, आणि पोस्टग्रेसला १ जीबी मिळत नाही. अशा वेळी कर्नलचं 'ओव्हरकमिट मेमरी' सेटिंग बघा. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात ते २ ठेवण्याचा सल्ला आहे आणि तो चांगला आहे, कारण मग कर्नल प्रोसेस मारत बसत नाही. मेमरी नसेल तर आधीच नाही म्हणतो आणि फक्त तेवढी क्वेरी पडते. पण या पद्धतीत मर्यादा काढताना स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक टक्का धरतात आणि तो टक्का मुळात ५० आहे. १६ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅप असेल तर सगळ्यांना मिळून वचन देता येतं फक्त १० जीबीचं. वापरली नसली तरी मागून ठेवलेली मेमरी यात मोजली जाते. मेम-इन्फो फाइलमध्ये 'कमिट लिमिट' आणि 'कमिटेड अ‍ॅज' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दुसरा पहिल्याला टेकत असेल तर टक्का ८० च्या आसपास न्या किंवा स्वॅप वाढवा.

एक्स्पोर्टच्या क्वेरीत मोठं सॉर्ट किंवा जोड असेल तर 'वर्क मेम' सुद्धा तपासा. हे मूळचं ४ एमबी असतं आणि ते कनेक्शनला एकदा लागत नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगवेगळं लागतं. कोणीतरी उत्साहाने ते सगळ्यांसाठी २५६ एमबी करून ठेवलेलं असतं. वाढवायचंच असेल तर फक्त त्या सेशनपुरतं वाढवा.

न सापडणारा शुक्रवार

एरर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, म्हणून सापळा आधी लावून ठेवायचा. दर मिनिटाला तारीख-वेळेसह मोकळी रॅम, कमिटेड आकडा आणि सर्वात जास्त मेमरी खाणाऱ्या दहा प्रोसेस एका फाइलमध्ये लिहिणारा छोटा क्रॉन पुरतो. डंप व्हर्बोज मोडमध्ये चालवा, म्हणजे पडताना कुठल्या टेबलवर होता ते कळतं. पोस्टग्रेस १४ किंवा पुढचा असेल तर चालू प्रोसेसच्या मेमरीचा तपशील लॉगमध्ये उतरवणारं फंक्शनही मिळतं.

दोन-तीन वेळा पडल्यावर नोंदी शेजारी ठेवा. दर वेळी तेच टेबल असेल तर जड रेकॉर्ड शोधा. टेबल वेगळं पण वेळ तीच असेल तर त्या वेळी आणखी काय चालतं ते पाहा: महिनाअखेरचा रिपोर्ट, अँटिव्हायरस, दुसऱ्या डेटाबेसचा बॅकअप. दोन क्रॉनमध्ये तासाभराचं अंतर ठेवल्याने सुटलेले प्रश्न बरेच आहेत, जरी हा उपाय कोणाला फारसा रुबाबदार वाटत नाही.

आणि आकडा १८४४६७४४०७३७०९५५१६१३ असा अचाट असेल तर थांबा. ही मागणी खरी नाही. उणे ३ ही संख्या बिनचिन्ह ६४ बिटमध्ये वाचली की असा आकडा दिसतो. म्हणजे रेकॉर्डमध्ये लिहिलेली लांबीच बिघडलेली आहे, डेटा खराब झालाय. इथे सेटिंगशी खेळू नका. आधी सर्व्हर बंद करून डेटा डिरेक्टरीची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग त्या नकलेवर शोध सुरू करा. टेबलचे निम्मे-निम्मे भाग वाचत गेलात तर खराब पान सापडतं. पीजी-अ‍ॅमचेक हे साधन आवृत्ती १४ पासून सोबत येतं, तेही चालवा. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी असा एरर येत असेल तर रॅमची पट्टीच सदोष असण्याची शक्यता धरा आणि मेमटेस्ट लावा.

अर्धवट फाइल

या सगळ्यात प्रत्यक्ष नुकसान होतं ते शुक्रवारी पडलेल्या डंपची फाइल फोल्डरमध्ये तशीच राहते म्हणून. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकारही कधी कधी बरा. ती अर्धवट आहे हे रिस्टोअर करायची वेळ आल्यावर कळतं.

डंप पाइपमधून जीझिपकडे जात असेल तर शेलला एक्झिट कोड जीझिपचा मिळतो. डंप मेला तरी जीझिप आनंदाने शून्य देतो आणि क्रॉनला सगळं आलबेल वाटतं. डंपने एकही अक्षर दिलं नाही तरी २० बाइटची 'यशस्वी' फाइल तयार होते. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' चालू करा. शिवाय डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि एक्झिट कोड शून्य आला तरच खरं नाव द्या. जुना बॅकअप पुसण्याची ओळ त्यानंतरच.

साध्या मजकुरातल्या डंपची शेवटची काही अक्षरं तपासणंही सोपं आहे. पीजी-डंप शेवटी 'पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस डंप कम्प्लीट' असं लिहितो, मायएसक्यूएल-डंप 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख. ती ओळ नसेल तर फाइल अपुरी. कस्टम फॉरमॅटमध्ये मात्र पीजी-रिस्टोअरने सूची दाखवली म्हणून निश्चिंत होऊ नका. सूची फाइलच्या सुरुवातीलाच असते, मागचा डेटा तुटलेला असला तरी ती दिसते. त्याऐवजी पीजी-रिस्टोअरचं आउटपुट डेव्ह-नलकडे पाठवा, म्हणजे त्याला सगळा डेटा वाचावाच लागतो आणि तुटलं असेल तिथे तो थांबतो. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर खरंखुरं रिस्टोअर करून दोन-चार मोठ्या टेबलांची रेकॉर्डसंख्या मूळ डेटाबेसशी ताडून पाहा. त्या मशीनची रॅम मूळ सर्व्हरपेक्षा कमी असेल तर जड रेकॉर्ड परत आत घेतानाही वरचाच एरर येऊ शकतो. तो तालमीत आलेला बरा.